वाटणी... पण पाण्याची!

'वाटणी' हा शब्द मराठी घरात नुसता उच्चारला तरी पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. सातबारा, मोजणी, तलाठ्याकडे हेलपाटे, एक-दोन वकील आणि शेवटी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जाणं. हॉस्टेलमध्ये रात्री गप्पा रंगल्या की लक्षात येतं, निम्म्या मुलींच्या घरी एक तरी काका किंवा मामा असा असतोच, की ज्याच्याशी 'आमचं बोलणं नाही'. तेव्हा वाटणीने घरं तुटतात हे सर्वमान्य आहे.

माझं मत मात्र थोडं वेगळं आहे. वाटणीने घर तुटत नाही. घरात रोज मिळून वाटून घेण्यासारखं काही उरलं नाही, की ते तुटतं. जमिनीची वाटणी हा नंतरचा, कागदावरचा भाग झाला. हे मत काही पुस्तकातून आलेलं नाही. गेल्या डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही सतरा जण थरच्या वाळवंटात जाऊन तंबूत राहिलो, त्यातून आलेलं आहे. म्हणून आधी मुद्दा मांडते, मग हकिगत सांगते. पटलं नाही तर मेसमध्ये भांडायला मी मोकळी आहेच!

गेट-टुगेदरचे दोन प्रकार

आपल्याकडे कुटुंबं एकत्र येण्याचे सध्या दोन प्रकार आहेत.

पहिला म्हणजे घरचा. दिवाळी, गौरी-गणपती, कुणाची तरी साठी. सगळे एका घरी जमतात. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत राजकारण आणि क्रिकेट यांचा निकाल लावतात, मुलं मोबाईलवर, आणि आई, काकू, वहिनी तीन दिवस ओट्याजवळ. चहा, नाश्ता, जेवण, परत चहा. निघताना आई नेहमी म्हणते, "सगळे भेटले, बरं वाटलं." खरं तर ती कुणाला भेटलेलीच नसते. ती गॅसला भेटलेली असते.

दुसरा प्रकार आता वाढलाय, तो म्हणजे रिसॉर्टचा. "बायकांनाही आराम हवा ना" असं म्हणून सगळे मिळून पैसे भरतात. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा टीव्ही, चोवीस तास गरम पाणी, नाश्ता साडेसात ते साडेदहा. आराम मिळतो यात वादच नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमचं असं एक गेट-टुगेदर झालं तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. माझे मोठे काका आणि धाकटे काका गावाकडची जमीन विकल्यापासून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्या रिसॉर्टमध्ये एकाची खोली तळमजल्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या मजल्यावर. एक जण आठ वाजता नाश्ता करून जायचा, दुसरा दहाला यायचा. दोन दिवसांत त्यांना एकदाही समोरासमोर यावं लागलं नाही. ग्रुप फोटोत एक या टोकाला, एक त्या टोकाला. घरी आल्यावर ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, 'खूप मजा आली'.

थोडक्यात काय, घरच्या प्रकारात वाटून घेण्याचं काम निम्म्या माणसांवर पडतं, आणि रिसॉर्टमध्ये ते पैसे देऊन संपवलेलं असतं. दोन्हीकडे 'वाटणी' नाहीच!

मग वाळवंट कशाला?

वाळवंटाची आवड वगैरे आमच्यात कुणाला नव्हती. मोठ्या काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, फौजेत आहे आणि त्याचं पोस्टिंग जैसलमेर भागात आहे. सलग तीन दिवाळ्या तो घरी नव्हता. या वेळी त्याला जोडून दोनच दिवस मोकळे मिळणार होते. तेवढ्यात तो इकडे येऊन परत जाणं अवघडच. तेव्हा आजी म्हणाली, "त्याला येता येत नाही ना, मग आपण जाऊ." आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्यापुढे कोण बोलणार?

दादाच्या एका सहकाऱ्याचं घर जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर एका ढाणीत आहे. ढाणी म्हणजे शेतातली चार-सहा घरांची वस्ती. त्यांच्या शेताला लागून मोकळ्या जागेत तंबू ठोकायची परवानगी मिळाली. सुट्टीत जैसलमेरची हॉटेलं महाग असतात, आणि सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ जे टुरिस्ट कॅम्प आहेत तिथे रात्री लाऊडस्पीकर लावून नाच चालतो असं दादाने सांगितलं. आजीला तो नको होता. म्हणून हे ठरलं.

पुण्याहून आम्ही सहा जण सात सीटच्या गाडीने निघालो, नाशिकहून मोठे काका, धाकटे काका आपली जीप घेऊन, आणि वडोदऱ्याची आत्या वडोदऱ्यात येऊन मिळणार. जाताना साधारण बाराशे किलोमीटर. तीन दिवसांत. विमानाने जोधपूर गाठून पुढे टॅक्सी करता आली असती. धाकटा भाऊ तेच म्हणत होता. पण सतरा तिकिटं, आणि आजीला विमानाचं भय! असो.

रस्ता शिकवतो

आपण सिव्हिलवाले रस्ता शिकतो तो क्रॉस-सेक्शनमधून. सब-ग्रेड, बेस कोर्स, कॅम्बर. पण बाराशे किलोमीटर गाडीत बसल्यावर रस्ता दुसरंच काहीतरी शिकवतो. तो सांगतो की पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं.

पहिल्या दिवशी भरूचला आम्ही नर्मदा ओलांडली. पुलावरून आजीने खिडकीतून हात जोडले. दुसऱ्या दिवशी मेहसाणा, पालनपूर, बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेलं डीसा, असं करत थरादच्या आसपास एक प्रचंड कालवा लागला. काठोकाठ भरलेला. आजूबाजूला बाभळी आणि धूळ, आणि मधे हे निळं पाणी. बाबांनी गाडी बाजूला घेतली. मी सांगितलं, "आजी, ही परत नर्मदाच." तिचा विश्वासच बसेना. सरदार सरोवरापासून राजस्थानच्या सीमेपर्यंत हा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर येतो आणि २००८ साली त्याचं पाणी राजस्थानात सांचोर भागात पोचलं. तिथे शेतकऱ्याला पाटाने हवं तेवढं पाणी सोडत नाहीत. पाणी आधी शेतकऱ्यांच्या गटाच्या सामाईक तळ्यात, म्हणजे 'डिग्गी'त घेतात आणि तिथून तुषार सिंचनानेच वापरायचं असा नियम केलेला आहे. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं बंद ठेवून तिथे शेती करणं कठीणच!

याच पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच धरणाच्या पाणलोटात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आदिवासी माणसं घरदार सोडून उठली. आपण कालवा बघून 'वा!' म्हणतो तेव्हा ही गावं डोळ्यासमोर असावीत एवढंच माझं म्हणणं आहे. पाणी आकाशातून कालव्यात पडत नाही, ते कुणाच्या तरी वाट्यातून येतं.

सांचोरच्या पुढे लुणी नदी लागली. नदी म्हणजे काय, तर रुंद कोरडं वाळूचं पात्र. लुणी अरवलीत उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत तिचं पाणी गोडं असतं, पुढे खारट होत जातं आणि शेवटी ती कच्छच्या रणात जिरते. समुद्राला मिळतच नाही. बाडमेरला मुक्काम केला. बाडमेर म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना मंगला तेलक्षेत्र आठवेल. २००४ साली सापडलं, २००९ पासून उत्पादन सुरू झालं. तिथलं तेल इतकं मेणचट आहे की साध्या तापमानाला गोठतं, म्हणून शेकडो किलोमीटर पाइपलाइन सगळ्या लांबीभर गरम ठेवावी लागते. माझा भाऊ मेकॅनिकलला जायचं म्हणतोय, तो यावर अर्धा तास बोलला. एरवी घरी तो 'हो' आणि 'नाही' याच्या पुढे जात नाही.

लांबच्या रस्त्याचा हा दुसरा फायदा. गाडीत पहिले दोन तास गाणी, पुढचे दोन तास झोप, आणि मग बोलण्याशिवाय काही उरत नाही. बाबांनी त्या रस्त्यावर पहिल्यांदा सांगितलं की जमीन विकायच्या वेळी दोन्ही भावांनी त्यांना आपापल्या बाजूने सही करायला सांगितलं होतं आणि ते कसे मधल्यामधे अडकले होते. सहा वर्षं हा विषय आमच्या घरात बंद होता. तो बाडमेरच्या अलीकडे, एका ढाब्यावर बाजरीची भाकरी खाताना उघडला. नेटवर्क नव्हतं हे एक कारण असेलच.

सतरा माणसं, दोनशे लिटर

आता मूळ मुद्दा.

दादाने आधीच एक अट घातली होती. ढाणीतल्या टांक्यातलं पाणी आपण मागायचं नाही. टांका म्हणजे जमिनीखाली बांधलेली झाकलेली टाकी. तिच्याभोवती जमीन उतरती करून चोपून घेतलेली असते, तिला 'आगोर' म्हणतात. पाऊस पडला की आगोरावरचं पाणी टाकीत उतरतं. आगोरावर कुणी चप्पल घालून जात नाही, तिथे जनावर जाऊ देत नाहीत. जैसलमेरमध्ये वर्षाला पाऊस किती, तर साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर. आपल्या सह्याद्रीत काही ठिकाणी एवढा एका दिवसात पडतो. तेवढ्या पावसावर त्या घराने वर्ष काढायचं. त्यातून सतरा पाहुणे दोन दिवस अंघोळी करून गेले तर?

म्हणून आम्ही जैसलमेरमधून वीस लिटरचे दहा जार घेतले. दोनशे लिटर. आता गणित करा. सतरा माणसं, दोन दिवस. माणशी दिवसाला सहा लिटरही येत नाही. आपण पाणीपुरवठ्याच्या पेपरात शहरासाठी माणशी १३५ लिटर धरतो आणि ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. हे आकडे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलेत. सहा लिटर म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. प्यायला तीन, स्वयंपाकाला दीड, उरलेल्या दीडमध्ये हात-तोंड, भांडी, सगळं.

मोठे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी आल्याआल्या वही काढली आणि जारवर खडूने नंबर टाकले. धाकट्या काकांची जीप असल्यामुळे सामान, सरपण आणि लागलंच तर पाणी आणायचं काम त्यांच्याकडे. एक हिशोब ठेवणार, दुसरा पुरवठा करणार. आणि बोलणं नाही! पहिला दिवस निरोप माझ्यामार्फत चालले. "काकांना विचार, तंबूचे खुंटे कुठायत." "सांग त्यांना, जीपमध्ये."

पहिल्या दिवशी ११० लिटर संपलं. दुसऱ्या दिवसासाठी उरले ९०. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे काका वही घेऊन उभे राहिले, मला शोधलं, मी तंबूत होते. मग थेट धाकट्या काकांना म्हणाले, "नव्वद उरलंय. गावात जाऊन आणायचं, का पुरवायचं?"

धाकटे काका सरपण फोडत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "पुरवू. भांडी वाळूने घासू."

बस्स, एवढंच. सहा वर्षांनंतरचं पहिलं संभाषण. त्यात माफी नाही, गळाभेट नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण त्यानंतर दिवसभर ते दोघं पाण्याबद्दलच बोलत होते. चहा एकदाच करायचा की दोनदा, डाळ भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, दाढी कुणी करायची नाही. आणि भांडी खरंच वाळूने घासली गेली. ढाणीतल्या बाई रोज तशीच घासतात, कोरड्या वाळूने, मग फडक्याने पुसून घेतात. आमच्यात ती पुरुषांनी घासली, कारण वहीत मोठ्या काकांनी कामं नावानिशी लिहिली होती आणि पाणी थोडं असल्यामुळे प्रत्येक कामाचा हिशोब दिसत होता. घरी नळ चालू असतो तेव्हा आईचं काम कुणाला दिसत नाही. इथे एकेक मग मोजला जात होता, त्यामुळे कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसलं. मोठ्या काकू त्या दुपारी खाटेवर बसून शेंगा खात होत्या, आणि त्यांना तसं बसलेलं मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहिलं.

शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना जारमध्ये बारा लिटर शिल्लक होतं. मोठ्या काकांनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

थंडी आणि बहात्तर साल

वाळवंट म्हणजे उकाडा, असा आपला समज. डिसेंबरात दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि रात्री पारा सहा-सात अंशांवर येतो. कारण साधं आहे. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता अडवायला वर काही नसतं, ती भराभर निघून जाते. तंबूत हीटर नाही. म्हणून शेकोटी एक आणि तिच्याभोवती सतरा जण. थंडीत कुणाला कुणापासून लांब बसणं परवडत नाही.

त्या शेकोटीजवळ आजीने बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा ती पंचविशीची होती, मोठे काका कडेवर होते. रोजगार हमीच्या कामावर तिने खडी फोडली होती. सुकडी मिळायची ती फडक्यात बांधून घरी आणायची. विहिरीच्या तळाला बसून वाटीने पाणी भरायचं, आणि एक घागर भरायला किती वेळ लागायचा ते तिने हाताने दाखवलं. "तेव्हा सगळ्या वस्तीत भांडण नव्हतं बघ," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर जायचं असायचं."

मी वीस वर्षांची आहे. माझी आजी खडी फोडत होती हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही सगळं माहीत नव्हतं. घरी संध्याकाळी ती मालिका बघते, रिसॉर्टमध्ये आठ वाजता खोलीत जाऊन झोपली होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एवढी मोठी गोष्ट केवळ शेकोटी एकच होती म्हणून आमच्यापर्यंत आली.

आक्षेप येणारच

पहिला आक्षेप: "म्हाताऱ्या माणसांचे हाल." अगदी बरोबर प्रश्न आहे. म्हणून आम्ही आजीसाठी घडीची खाट नेली, तंबूत खड्डा खणून वर भोक असलेली खुर्ची ठेवून संडास केला, तिच्या गोळ्या दुप्पट घेतल्या आणि जैसलमेरच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो ते गाडी चालवून पाहिलं. सोय कमी असावी म्हणजे तयारी कमी असावी असं नाही. उलट तयारी जास्त लागते. ही तयारी करतानाच महिनाभर घरातले फोन सुरू झाले होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझा मीच घेते. आम्ही दोन दिवस सहा लिटरमध्ये राहिलो ती एक प्रकारची चैनच. तिसऱ्या दिवशी बाडमेरला येऊन सगळ्यांनी बादलीभर पाण्याने अंघोळी केल्या. ढाणीतल्या बाईंना ती सोय नाही. त्यांच्या सासूबाई डोक्यावर घडे घेऊन मैलोन् मैल चालल्या आहेत. टंचाईने माणसं जवळ येतात, हे वाक्य तिथल्या बाईला सांगायची माझी हिंमत होणार नाही. टंचाईने माणसं मोडतातही. म्हणून मी टंचाईचं कौतुक करत नाही. कौतुक आहे ते टंचाईत लोकांनी जी व्यवस्था बसवली तिचं.

जैसलमेरजवळचं कुलधरा गाव घ्या. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडलेलं. आज तिथे लोक 'भुताचं गाव' म्हणून रील काढायला जातात. पण याच पालीवालांनी पंधराव्या शतकापासून त्या भागात 'खडीन' बांधले. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, उतारावरचं पावसाचं पाणी बांधाआड साठवायचं, ते जमिनीत मुरलं की त्याच ओलीवर हरभरा आणि गहू घ्यायचा. विहीर नाही, मोटार नाही. वर पुष्कळ जमीन कोरडी ठेवायची तेव्हा खाली थोडी भिजते. म्हणजे वरच्या जमिनीचं आणि खालच्या जमिनीचं आपसात जमलं तरच खडीन चालतो. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या १९९५ सालच्या पुस्तकात या सगळ्याची सविस्तर माहिती दिली आहे. भूत बघायला जाणाऱ्यांनी जरा बांध बघावेत, आणि आपल्या अभ्यासक्रमात हे दोन पानं तरी असावं.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा. हजारो किलोमीटर गाड्या पळवायच्या आणि वर वाळवंटात तंबू ठोकायचे? आमच्या गाडीला लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तरी जाऊन-येऊन १६० लिटर डिझेल झालं. हे नाकारून चालणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की असं दरवर्षी करायची गरज नाही, गाड्या भरून जायचं, आणि गेल्यावर वाळवंट रिकामं आहे असं समजून वागायचं नाही. जैसलमेर भागात माळढोक पक्षी उरलाय, देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तिथे आता तो दिसणं जवळपास बंद झालंय. 'माळ रिकामाच आहे' असं म्हणत म्हणत आपण त्याला घालवलं. तिकडे तरी ती चूक नको. आम्ही स्पीकर नेला नव्हता, आणि कचरा दोन पोती भरून जैसलमेरला परत आणला.

आपल्यासाठी काय?

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या काकांचं ठीक आहे, पण आम्ही काय करावं?

सगळ्यांनी उठून जैसलमेरला जावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण पुढच्या वेळी घरात 'या वर्षी कुठे जायचं' असा विषय निघाला की खोल्या किती आणि स्विमिंग पूल आहे का, याच्या आधी एक प्रश्न विचारून बघा: तिथे आपल्या सगळ्यांना मिळून करण्यासारखं काय आहे? शेत चालेल, नदीकाठ चालेल, गावचं बंद पडलेलं घर झाडून तिथे राहणं तर उत्तमच. कामांची यादी नावानिशी लिहा, पुरुषांची नावं आधी लिहा, आणि एखादी गोष्ट मोजून वापरायची ठेवा.

हॉस्टेललाही हेच लागू आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी पडतं तेव्हा आपण काय करतो? ज्याच्याकडे मोठी बादली तो पहाटे उठून भरून ठेवतो, उरलेले रेक्टरकडे तक्रार करतात. त्याऐवजी एका मजल्याने आठवडाभर पाण्याची वही ठेवून बघायला काय हरकत आहे? सिव्हिलच्या मुली हिशोब करतील, बाकीच्या शाखांनी बादल्या उचलाव्यात! स्टाफपैकी कुणी मार्गदर्शन करायला तयार असेल तर हा एक छोटा प्रोजेक्टही होईल.

राहता राहिले माझे काका. जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही. तो सुटेल असंही मला वाटत नाही, कारण त्यात कागद आहेत, पैसे आहेत आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण गेल्या महिन्यात धाकट्या काकांच्या बोअरचं पाणी आटलं तेव्हा त्यांनी मोठ्या काकांना फोन केला. नवीन बोअर घ्यावी की शेततळं करावं, हे विचारायला. चाळीस मिनिटं बोलले म्हणे. मोठ्या काकांनी शेततळं सांगितलं, आणि खर्चाचा अंदाज स्वतःच्या हाताने लिहून पाठवला.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी